पंचेचाळीस किलोंचा कडता

संगणक हळू चालतो, अशी तो वापरणाऱ्यांची तक्रार असते. त्याच्यासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यांची तक्रार उलटी: तो फार पळतो. कळ दाबायचा अवकाश, आत लाखो आज्ञा पार पडून गेलेल्या असतात आणि पडद्यावर उत्तर हजर. उत्तर बरोबर असेल तर कोणी काही विचारत नाही. चुकीचं निघालं की पंचाईत सुरू होते. त्या लाखांतली कुठलीतरी एक आज्ञा आपल्या मनाविरुद्ध वागली, आणि ती तशी वागली तेव्हा आपण तिथं नव्हतो. साक्षीदार नाही, पंचनामा नाही, हातात फक्त शेवटचा आकडा. तो आकडा डोळे वटारून कितीही वेळ पाहिला तरी काही कबूल करत नाही.

या पंचाइतीवरचा उतारा म्हणजे डीबगर. दुसऱ्या प्रोग्रामला ताब्यात घेऊन चालवणारा हा प्रोग्राम. तो म्हणतो, तू सांगशील त्या ओळीवर मी याला उभं करतो. मग एक कळ दाबलीस की एक ओळ, पुन्हा दाबलीस की पुढची. दोन ओळींच्या मधे हवा तेवढा वेळ घे. चहा पिऊन ये, जेवून ये, वाटलं तर वामकुक्षी कर. सेकंदात अब्जावधी आज्ञा उरकणारं यंत्र तोवर एका ओळीवर तिष्ठत राहील. मला या दृश्याचं अजून अप्रूप वाटतं. आमच्या देवळ्यात पाचकंदिलावर तासभर उभं राहिलं तरी कोणी कोणासाठी थांबलेलं दिसत नाही. ट्रॅक्टर, पिकअप, एसटी, सगळ्यांनाच आधी जायचं असतं.

मी पुण्यात पोटासाठी हाच उद्योग करतो. गावाकडे सांगताना ‘प्रोग्राम लिहितो’ असं सांगावं लागतं, कारण ‘लिहिलेलं कुठे बिघडलंय ते दिवसभर बघत बसतो’ असं सांगितलं तर याला पगार कोण देतं, हा प्रश्न येतो. प्रश्न वाजवी आहे, म्हणूनच तो टाळलेला बरा.

डीबगरला पुढं सरकण्याच्या तीन रीती माहीत असतात. ‘स्टेप इनटू’, ‘स्टेप ओव्हर’ आणि ‘स्टेप आउट’. ऑफिसातल्या नव्या पोरांना या रीती समजावताना मला माझी लोहोणेरची आत्या उपयोगी पडते. समजा, मी तिला विचारलं, ‘‘आत्या, परवाचं लग्न कसं झालं?’’ उत्तर दोन शब्दांचं आहे. पण आत्या सांगू लागते. लग्न दहिवडला होतं, नवरी भऊरची. भऊरचं नाव आलं की ती भऊरमध्ये शिरते. नवरीच्या आजीचं माहेर सटाण्याकडचं, म्हणून सटाण्यात शिरते. त्या आजीची भाची मालेगावला दिलेली, तिथं जमिनीचा एक जुना वाद निघतो, आणि त्याच्या तारखा कळवणला, कारण ‘‘तवा आपण कळवण तालुक्यात होतो ना!’’ देवळा तालुका वेगळा झाला १९९९मध्ये. आत्याची गोष्ट त्याच्याही आधीची. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा मिळून आमच्या भागाला कसमादे म्हणतात, आणि आत्याच्या एका उत्तरात अख्खं कसमादे फिरून होतं. वाटेत जे नाव येईल त्याच्या आत उतरायचं, हे ‘स्टेप इनटू’.

तिचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, अगदी दुसऱ्या टोकाचे. त्यांना तोच प्रश्न विचारा. ‘‘झालं. बुंदी बरी होती.’’ आत काय काय घडलं याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही. लग्न ही एक ओळ, ती पार पडली, निकाल हाती आला, पुढं चला. हे ‘स्टेप ओव्हर’. आणि आत्या मालेगावच्या बांधावर भांडत उभी असताना माझी आई मधेच म्हणते, ‘‘अक्का, ते असू द्या, लग्नाचं सांगा.’’ हे ‘स्टेप आउट’. ज्यात शिरलो ते भराभर उरकायचं आणि जिथून आत आलो तिथं परत वर यायचं.

आत्याचा खरा पराक्रम मात्र पुढेच आहे. इतक्या आत उतरूनही ती वाट चुकत नाही. वादाचा निकाल सांगून मालेगावातून सटाण्यात येते, सटाण्यातून भऊरला, भऊरहून दहिवडच्या मांडवात, आणि वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच उचलते. कोण कोणाच्या सांगण्यावरून आत गेलं आणि काम संपल्यावर कुठं परतायचं, याची जी उतरंड तिला संगणकात ‘कॉल स्टॅक’ म्हणतात. प्रोग्राम कुठेही थांबवला तरी डीबगर ती उलगडून दाखवतो. आत्याची उतरंड कोसळते ती फक्त साट्यालोट्याच्या घरात. इकडची मुलगी तिकडे दिलेली, तिकडची इकडे. पहिल्या घराचं सांगताना दुसऱ्यात शिरावं लागतं, दुसऱ्याचं सांगताना पुन्हा पहिल्यात, आणि परतीचा फाटा काही येत नाही. शेवटी आत्या पाणी मागते. प्रोग्रामच्या बाबतीत या प्रकाराला ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ म्हणतात, आणि तिथं पाणी देऊन भागत नाही.

हे थांबवणं कसं घडतं ते पहिल्यांदा कळलं, तेव्हा मला डीबगरबद्दल आदरापेक्षा धाक अधिक वाटला. जिथं प्रोग्राम थांबवायचा त्या ओळीवर आपण एक खूण करतो, तिला ‘ब्रेकपॉइंट’ म्हणतात. आपल्याला दिसते नुसती लाल टिकली. पडद्यामागे मात्र सरळसरळ लबाडी चाललेली असते. इंटेलच्या घराण्यातल्या प्रोसेसरवर डीबगर त्या जागच्या आज्ञेचा पहिला बाइट उचलून बाजूला ठेवतो आणि तिथं आपला एक बाइट घुसडतो. दशमान पद्धतीत त्याची किंमत २०४. प्रोसेसरच्या लेखी त्याचा अर्थ, हातातलं काम सोड आणि वर खबर दे. प्रोग्राम बेसावध पळत येतो, २०४वर अडतो आणि ताबा डीबगरकडे जातो. आपलं बघून झालं, की डीबगर मूळ बाइट जागच्या जागी ठेवतो, तेवढी एकच आज्ञा चालवून घेतो आणि लगेच २०४ पुन्हा बसवतो, पुढच्या खेपेसाठी. एकच आज्ञा चालवून थांबण्यासाठी प्रोसेसरमध्ये वेगळ्या एका बिटाची सोय आहे. ती १९७८च्या ८०८६ या प्रोसेसरमध्येही होती. गंमत म्हणजे ज्याच्या बाबतीत हे सगळं घडतं त्या प्रोग्रामला सहसा त्याचा पत्ताही लागत नाही. त्याच्या समजुतीने तो एका दमात पळतोय. मधल्या वेळात आपण जेवून आलो, हे त्याच्या गावीही नसतं.

ही चैन सगळ्यांना नेहमीच मिळाली असं नाही. केंब्रिजमध्ये ६ मे १९४९ रोजी एडसॅक नावाच्या संगणकावर पहिला प्रोग्राम चालला. एकेक आज्ञा चालवण्याचं बटण त्या यंत्रालाही होतं. बटण दाबायचं, स्मृतीतले ठिपके छोट्या पडद्यावर न्याहाळायचे, पुन्हा बटण दाबायचं. पण यंत्र एक आणि वापरणारे अनेक. एकाने बटणावर बोट ठेवून चिंतन करायचं आणि बाकीच्यांनी कागदी फिती हातात धरून ताटकळायचं, हे परवडण्यासारखं नव्हतं. म्हणून असं डोकावत बसणं तिथं नापसंत केलं जाई. ते यंत्र उभं करणारे मॉरिस विल्क्स यांनी त्या काळातली एक आठवण सांगितली आहे. त्यांनी लिहिलेल्या १२६ ओळींच्या प्रोग्राममध्ये वीसेक चुका निघाल्या होत्या. फिती छिद्रण्याची खोली आणि यंत्राची खोली यांच्यामधल्या जिन्यात ते क्षणभर थबकले आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या उरलेल्या आयुष्यातला बराचसा काळ आपल्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. हे लक्षात येऊनही ते त्या जिन्यावरून घरी निघून गेले नाहीत, यातच या धंद्याचं वेड आलं.

त्यांचे सहकारी स्टॅनली गिल यांनी १९५१मध्ये एक तोड जगापुढे ठेवली. प्रोग्राम सरळ न चालवता दुसऱ्या प्रोग्रामच्या देखरेखीखाली चालवायचा आणि कोणकोणती आज्ञा पार पडली ते ओळीने छापून घ्यायचं. मग कागद घेऊन बाजूला बसा आणि निवांत वाचा. यंत्र पुढच्या माणसाला मोकळं. आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६०मध्ये रीतसर कामाला लागला, तेव्हाही जगाचा भाव हाच होता: यंत्राचा वेळ महाग, माणसाचा स्वस्त. हा भाव उलटला तो टेबलावर मावणारे संगणक आल्यावर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६मध्ये जीडीबी हा डीबगर लिहिला आणि तो कोणालाही फुकट वापरायला मोकळा ठेवला. एका ओळीवर यंत्र अडवून नखं खात बसण्याचा हक्क त्यानंतर सामान्य माणसालाही मिळाला.

आमच्या पिढीला तो निळ्या पडद्यावर मिळाला. टर्बो सी! महाराष्ट्रातल्या कॉलेजांमध्ये या निळाईने जितकी पोरं शिकवली तितकी क्वचितच कशाने शिकवली असतील. बगलेत नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’, समोर तो पडदा. ‘एफ ८’ दाबलं की ओळ ओलांडायची, ‘एफ ७’ दाबलं की आत शिरायचं. एक रंगीत पट्टा ओळीओळीने खाली सरकत जायचा आणि खालच्या खिडकीत आकडे बदलायचे. पण डीबगरला हात लावण्याआधी सर ‘ड्राय रन’ करायला लावत. वहीत रकाने पाडायचे, प्रत्येक रकान्यावर एका चलाचं नाव, आणि एकेक ओळ वाचत त्या त्या रकान्यात किंमत खोडून नवी लिहायची. आम्हाला तो वेळेचा अपव्यय वाटे. समोर यंत्र असताना यंत्राचं काम आपण का करायचं? मग वहीला बगल देऊन आम्ही पडद्याकडे वळत असू, आणि ऐन रंगात लाईट जायची. डीबगरने प्रोग्राम थांबवलेला, लाईटने डीबगर थांबवलेला. रकान्यांच्या वहीला मात्र लाईट लागत नव्हती.

त्या वहीचं महत्त्व मला पटवलं ते नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. त्यांनी टर्बो सीचं नावही ऐकलेलं नाही.

यंदा उन्हाळी कांदा निघाला तेव्हा मी देवळ्याला होतो. माझी पुतणी नाशिकला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकते, तीही सुट्टीला आलेली. आमच्याकडे प्रत्येक गाडीचा हिशेब नानांच्या डोक्यात असतो आणि नंतर एका लांबट वहीत उतरतो. पुतणीने ठरवलं, हे आता संगणकावर यायला पाहिजे. वजन द्या, भाव द्या. रक्कम निघेल, त्यातून हमाली, तोलाई, वाराई वजा होऊन हाती किती पडले ते छापून येईल. दोन दिवस ओट्यावर लॅपटॉप घेऊन तिने सी भाषेत प्रोग्राम लिहिला. तिसऱ्या दिवशी नाना उमराण्याच्या बाजारातून पिकअप रिकामी करून आले. लिलाव झाला, भरलेली गाडी काट्यावर, खळ्यावर माल खाली, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर, आणि खिशात हिशेबपट्टी. माल १,७४५ किलो, भाव क्विंटलला १,८२० रुपये.

पुतणीने दोन्ही आकडे घातले. पडद्यावर रक्कम आली ३०,९४०.

नाना चपला काढत होते. तिथूनच म्हणाले, ‘‘एकतीस हजार सातशे एकोणसाठ.’’

‘‘नाना, कॉम्प्युटर तीस हजार नऊशे चाळीस म्हणतोय.’’

‘‘सतरा क्विंटलचे तीस हजार नऊशे चाळीस. वरच्या पंचेचाळीस किलोंचे आठशे एकोणीस. ते कथा गयात?’’ नानांची बोली अहिराणीकडे झुकते, आणि पैशाचा विषय निघाला की पूर्णच वळते. त्यांनी पट्टी पुतणीसमोर धरली, मग लॅपटॉपकडे अशा नजरेनं पाहिलं की मला यंत्राची काळजी वाटली. ‘‘यानी कडता काटा!’’

कडता म्हणजे माल ओला आहे, माती लागलीय, असं काहीबाही सांगून वजनातून कापलेले किलो. हा शब्द कांदेवाल्या शेतकऱ्यापुढे जपून उच्चारावा. व्यापाऱ्याने कडता कापला तर भांडता येतं, पट्टी परत करता येते, चार लोक गोळा करता येतात. घरच्या ओट्यावर, नातीच्या लॅपटॉपने कडता कापला तर जायचं कोणाकडे?

पुतणीने डीबगर सुरू केला. मला ओळ वाचताच दुखणं कळलं होतं, पण मी गप्प राहिलो. तिला ते स्वतः शोधायचं होतं आणि नानांना मशीनला रंगेहाथ पकडायचं होतं. दोघांच्या मधे येण्यात शहाणपण नव्हतं. तिने पहिल्याच ओळीवर लाल टिकली लावली आणि ‘एफ १०’ दाबत निघाली. वजन आलं, भाव आला, क्विंटल निघाले, रक्कम झाली, खर्च वजा झाला. सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि तिला काही दिसलं नाही. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा काही नाही. बोट सराईतपणे कळ दाबत होतं, पट्टा सरकत होता, आणि प्रत्येक ओळ तिला आपण लिहिली तशीच, म्हणजे बरोबर दिसत होती.

नाना पाठीमागे खाटेवर येऊन बसले. ‘‘हाई काय शे?’’

तिने सांगितलं: डाव्या बाजूला तिने दिलेला हुकूम, उजव्या बाजूला त्या क्षणी प्रत्येकाची किंमत काय ती. नानांनी चष्मा चढवला. वजन, १७४५. मान हलली. पुढची ओळ, भाव, १८२०. मान हलली. पुढची ओळ, वजन भागिले १००. उजवीकडे क्विंटलसमोर आकडा उमटला, १७.

‘‘थांब. आठे थांब.’’

ती थांबली. मग पडद्याकडे पाहत तिने जो ‘अय्या’ केला तो वहिनीला स्वयंपाकघरात ऐकू गेला.

चूक सी भाषेच्या जुन्या खोडीची होती. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं, की ही भाषा उत्तरही पूर्णांकातच देते आणि उरलंसुरलं टाकून देते. पुतणी म्हणत होती, पण मी क्विंटलला दशांश चालेल असं वर लिहिलंय! लिहिलं होतं. पण भागाकार आधी होतो आणि ठेवणं नंतर. दशांश चालणाऱ्या जागेत पोचायच्या आतच पंचेचाळीस किलो वाटेत सांडले होते. १००च्या जागी १००.० लिहायचं, एवढाच इलाज. एक टिंब आणि एक शून्य. त्याची किंमत ८१९ रुपये.

नानांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि मशीनला निर्दोष सोडलं. ‘‘तू जे सांगं तेच त्यानी करं.’’

मी त्या संध्याकाळी विचार करत राहिलो तो एवढ्याचाच, की एकच पडदा, एकच ओळ, तोच १७चा आकडा. पुतणी त्याच्यावरून पुन्हा पुन्हा गेली आणि नाना पहिल्या फेरीतच अडखळले. सी भाषा तिला येते, त्यांना नाही. मग फरक कुठे पडला? तो कळ दाबण्याच्या आधी पडला होता. नाना त्या ओळीवर आले तेव्हा तिथं १७.४५ असायला हवं, हे त्यांच्या डोक्यात तयार होतं. पुतणीच्या डोक्यात काहीच नव्हतं. तिला यंत्राकडून कळून घ्यायचं होतं. यंत्राने १७ सांगितले, तिने मानले आणि ती पुढच्या ओळीवर गेली. डीबगर फक्त इथं इतकं आहे एवढं सांगतो. त्यात बरोबर काय आणि चूक काय, याचं त्याला सोयरसुतक नाही. किती असायला हवं होतं ते समोर बसणाऱ्याने घरून आणावं लागतं. सर वहीत रकाने पाडायला लावत होते ते त्याचसाठी. कळ दाबायच्या आधी उत्तर लिहा, मग दाबा, आणि दोन्ही आकडे जिथं पहिल्यांदा फटकून वागतील तिथं थांबा. या अटीविना एकेक ओळ चालणं म्हणजे नुसतं मन रमवणं, आणि ते मी पगारी वेळेत करणारे कितीतरी लोक पाहिले आहेत.

नानांनी दुसऱ्या दिवशी विचारलंच, ‘‘पुण्यात सगळे असंच एकेक ओळ पाहत बसतात?’’

सगळे नाही. ब्रायन कर्निघन आणि रॉब पाइक या मोठ्या मंडळींनी १९९९च्या आपल्या पुस्तकात स्पष्टच म्हटलंय, की ओळीओळीने चालत बसण्यापेक्षा नीट विचार करणं आणि मोक्याच्या जागी आकडे छापून घेणं त्यांना अधिक फलदायी वाटतं. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी २०००मध्ये कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, डीबगर घ्यायला चक्क नकार दिला. म्हणणं असं, की सोय झाली की माणसं वरवरची डागडुजी करतात. सोय नसली की निमूटपणे कोड वाचतात आणि मुळाशी जातात. अखेर २००८मध्ये लिनक्सच्या कर्नललाही डीबगर मिळालाच. नानांना टोरवाल्ड्स पटले. खतांच्या सल्ल्यापासून मोबाइलपर्यंत कुठलीही सोय माणसाला आळशी करते, हे त्यांचं जुनं मत आहे. पण त्या दिवशी ‘‘आठे थांब’’ म्हणताना त्यांना जो आनंद झाला होता तो मी पाहिला होता, त्यामुळे मी फारसं मनावर घेतलं नाही.

डीबगरच्या मर्यादाही मी त्यांना सांगितल्या. काही चुका अशा असतात, की प्रोग्राम पळताना होतात आणि चालताना होत नाहीत. दोन कामं एकाच वेळी सुरू असतात, कोण आधी पोचतं यावर सगळं अवलंबून असतं. आपण एकाला अडवून बघायला लागलो, की क्रम बदलतो आणि चूक गायब. डीबगर बंद केला की पुन्हा हजर. नानांना यात नवल वाटलं नाही. ते म्हणाले, कुणी बघत असलं की नीट वागणाऱ्यांचीच जात मोठी असते.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो डीबगर पाहिलेला प्रत्येक माणूस उशिरा का होईना विचारतो. ‘‘मांगे बी जाता येस का?’’

येतं. चालता चालता झालेला प्रत्येक बदल नोंदवून ठेवला, की त्याच नोंदीवरून उलटं चालता येतं. जीडीबीमध्ये २००९पासून ही सोय आहे. एक कळ दाबली की एक ओळ मागं. पुसलेली किंमत पुन्हा उमटते, झालेला भागाकार होण्याआधीचा होतो. मी हे सांगत असताना नानांच्या चेहऱ्यावर वेगळीच चमक आली. ‘‘मंग मला डिसेंबर २०२३मध्ये नेऊन ठेव. सात तारखेला.’’ आठ डिसेंबरपासून कांद्याची निर्यात बंद झाली होती. मी म्हटलं, नाना, मागं जाऊन बघता येतं, पण नोंद ठेवली असेल तितकंच. ते म्हणाले, नोंद आहे, आणि लांबट वही आणायला उठले. वहीत तारखेनिशी सगळे भाव होते. कळ तेवढी नव्हती.

तोवर पुतणीने टिंब आणि शून्य घालून प्रोग्राम पुन्हा चालवला होता. नाना, वहिनी, मी, सगळे भोवती जमलो. रक्कम आली, ३१७५९.००१९५३.

ओट्यावर जरा शांतता पसरली. वहिनी म्हणाली, ‘‘ते टिंब तीन घरं पुढं सरकव की. तीन कोटी सतरा लाख होतील.’’ पुतणीला मात्र त्या शेपटाने छळायला सुरुवात केली. संगणक आकडे दोनच्या पायावर ठेवतो, आणि १७.४५ हा आकडा त्या पायावर कधीच नेमका मावत नाही. तिने दशांशासाठी आखूड जागा निवडली होती, तिथं जवळात जवळचा जो आकडा बसला तो किंचित मोठा होता. त्याला १,८२०ने गुणल्यावर ते किंचितपण फुगून वर आलं. एका पैशाच्या पाचव्या हिश्शाइतकं. तिने पुन्हा लाल टिकली लावली, ‘एफ १०’वर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘‘नाना, हे पण काढून टाकते.’’

नानांनी तिचा हात धरला. ‘‘ऱ्हाऊ दे. पंचेचाळीस किलो इतला येळ दाबी ठेवं व्हतं ना त्यानी? त्यानं व्याज शे ते.’’